सीवनाचे बल : टाका कोठे आणि का तुटतो?

सद्योव्रणाच्या चिकित्सेत सीवनकर्माला महत्त्वाचे स्थान आहे. सुश्रुताचार्यांनी अष्टविध शस्त्रकर्मांत सीवनाचा समावेश केला असून सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात सीव्य व असीव्य व्रण, सूत्रे, सूची व सीवनाचे प्रकार यांचे नेमके विवेचन केले आहे. ग्रामीण व निमशहरी भागात व्यवसाय करणाऱ्या आपल्या वैद्यबंधू-भगिनींना हे कर्म नित्याचे आहे. खुरप्याने कापलेला पाय, पत्र्याने चिरलेला तळहात, दुचाकीवरून पडून फुटलेले कपाळ असे रुग्ण प्रथम आपल्याच दारी येतात. टाका घालण्याचा सराव आपणा सर्वांना असतो. परंतु घातलेला टाका किती भार पेलतो आणि तो निकामी झाला तर नेमका कोठे होतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आठव्या दिवशी टाके काढल्यावर गुडघ्यावरची जखम उघडली, तर त्याचे खापर रुग्णाच्या अपथ्यावर किंवा सूत्राच्या कंपनीवर फोडले जाते. वास्तविक या प्रश्नाचा अभ्यास यंत्राच्या साहाय्याने गेली अनेक दशके होत आला आहे. त्याचे सार व्यवसायाला उपयोगी पडेल अशा रीतीने मांडण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

परीक्षण कसे करतात?

धागा, कापड, चामडे, तार यांचे बल मोजणारे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन बहुतेक अभियांत्रिकी व वस्त्रोद्योग महाविद्यालयांत असते. सीवनाचे परीक्षणही त्याच यंत्रावर होते. त्याला दोन पकडी असतात. खालची स्थिर असते व वरची ठरावीक संथ वेगाने वर जाते. दोन्ही पकडींत शिवलेल्या ऊतीचे एकेक टोक धरतात. वरची पकड जशी वर सरकते तसा टाक्यावरील ताण वाढतो, आणि भार व अंतर यांचा आलेख निघत जातो. ऊती म्हणून डुकराची त्वचा, डुकराच्या किंवा गुरांच्या पायातील कंडरा, तर कधी सिलिकॉनचे कृत्रिम पापुद्रे वापरतात. ऊती ओली ठेवावी लागते. कोरड्या ऊतीचे व कोरड्या धाग्याचे बल वेगळे येते.

या परीक्षणातून तीन गोष्टी नोंदवतात. पहिली, टाका निकामी होण्यापूर्वी पेललेला कमाल भार. दुसरी, जखमेच्या कडांत ठरावीक फट पडते त्या क्षणीचा भार. कंडरेच्या बाबतीत ही फट बहुधा २ मिलिमीटर धरतात. तिसरी, टाका कोणत्या रीतीने निकामी झाला, म्हणजे धागा तुटला, गाठ सरकली की धाग्याने ऊती कापली. आमच्या मते वैद्याच्या दृष्टीने तिसरी नोंद सर्वांत मोलाची आहे. कमाल भाराचा आकडा ऊतीनुसार व धाग्यानुसार बदलतो. परंतु दोष कोठे आहे हे कळले, तरच तो दूर करता येतो.

तीन दुबळ्या जागा

टाक्याचे बल म्हणजे केवळ धाग्याचे बल नव्हे. धागा, गाठ व ऊती या तीन कड्यांची ही साखळी असून तिचे बल सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते.

धागा ही त्यांतील बहुधा सर्वांत बळकट कडी होय. अमेरिकन फार्माकोपियाच्या (यूएसपी) मानकानुसार ३-० क्रमांकाच्या विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा व्यास ०.२० ते ०.२४९ मिलिमीटर असतो आणि गाठ मारलेल्या अवस्थेत त्याने सरासरी किमान १.७७ किलोग्रॅम भार पेलला पाहिजे. त्याच क्रमांकाचा कॅटगट अधिक जाड असूनही त्याची मर्यादा १.२५ किलोग्रॅम आहे, तर रेशमाच्या वर्गातील ३-० धाग्याची ०.९६ किलोग्रॅम आहे. क्रमांक तोच असला म्हणजे बलही तेच, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. कृत्रिम धाग्यांचे बल गाठ मारून मोजले जाते, यातही अर्थ आहे. गाठीपाशी धागा वाकतो, दबतो व एकमेकांवर घासतो. त्यामुळे सरळ धाग्याच्या मानाने गाठीच्या धाग्याचे बल बरेच घटते. ताण दिल्यावर चांगला धागा तुटतो तो प्रायः गाठीलगतच.

गाठ ही दुसरी कडी. स्वीडनमधील टेरा व ओबेरी यांनी १९७६ साली शस्त्रकर्मात वापरल्या जाणाऱ्या बारा प्रकारच्या गाठींचे ताणबल निरनिराळ्या धाग्यांवर मोजून प्रसिद्ध केले. गाठ ही सवयीची नव्हे, मोजण्याची बाब आहे, हे अशा कामांतून रुजले. रीफ नॉटमध्ये दुसरा फेर पहिल्याच्या उलट दिशेने पडतो व गाठ सपाट बसते. दोन्ही फेर एकाच दिशेने पडले तर ग्रॅनी नॉट होते व ती ताणाखाली सरकते. रेशीम खरखरीत असल्याने तीन फेरांत बसते. पॉलिग्लॅक्टिनसारख्या विणलेल्या कृत्रिम धाग्याला चार फेर द्यावेत. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन हे एकसंध, गुळगुळीत व ताठ धागे असल्याने त्यांना पाच ते सहा फेर लागतात. रेशमावर हात बसलेला वैद्य नायलॉन वापरू लागतो आणि तीनच फेर देतो, तेव्हा उत्तम धागा असूनही टाका सैल पडतो. शेपटे फार आखूड कापल्यानेही हाच दोष उद्भवतो.

तिसरी व प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत दुबळी कडी म्हणजे ऊती. तारेने लोणी कापले जावे, तसा ताणलेला बारीक धागा मृदू ऊतीतून कापत बाहेर येतो. आपल्या व्यवसायात तर ही क्रिया आपण हेतुपुरस्सर वापरतो. भगंदरात क्षारसूत्र बांधून नाडीव्रणाचा मार्ग हळूहळू छेदणे हेच तेथे अभीष्ट असते. सीवनात तीच क्रिया अनिष्ट आहे. क्षारसूत्र बांधणाऱ्या वैद्याला धाग्याचा दाब ऊतीचे काय करतो हे वेगळे सांगावयास नको. तेच ज्ञान त्याने टाका घालताना उलट्या अर्थाने वापरावे.

सूचीचा आकार आणि टाक्याचे अंतर

सुश्रुताचार्यांनी अल्पमांस प्रदेशी व संधिस्थानी दोन अंगुळांची वृत्त सूची, मांसल प्रदेशी तीन अंगुळांची त्रिधारी सूची आणि मर्म, वृषण व उदर या ठिकाणी धनुष्याकृती सूची सांगितली आहे. ऊतीनुसार सूची बदलावी, हे त्यातील तत्त्व आजही तसेच आहे. मृदू ऊतीत गोल सूची, तर त्वचेसारख्या चिवट ऊतीत धारेची सूची वापरतात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. साध्या कटिंग सूचीची तिसरी धार वक्राच्या आतल्या बाजूस असते. त्यामुळे छिद्राचा चिरलेला कोपरा जखमेच्या कडेकडे येतो आणि धागा ताणला की तेथूनच ऊती फाटू लागते. रिव्हर्स कटिंग सूचीची ही धार बाहेरच्या बाजूस असल्याने जखमेकडे अखंड ऊती राहते. पाकिटावरील त्रिकोणाचे चिन्ह पाहून सूची निवडण्याचा आळस करू नये.

टाका फार दूर घेतल्यास व्रणौष्ठांत वेदना होते व फार जवळ घेतल्यास कडा फाटते, हे सूत्रस्थानातील निरीक्षण यंत्रपरीक्षणाच्या दृष्टीने पूर्णतः सयुक्तिक आहे. कडेच्या अगदी जवळच्या टाक्याला धरून ठेवणारी ऊतीच अल्प असते. फार दूरच्या टाक्यात मधली ऊती चेपली जाते. मात्र दूर व जवळ म्हणजे किती, हे ऊतीनुसार मोजून ठरवावे लागते.

सीवनप्रकारांची तुलना

संहितेत वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे चार प्रकार येतात. त्यांचे आधुनिक प्रकारांशी नाते जोडताना अभ्यासकांत एकवाक्यता नाही. तथापि ऋजुग्रंथी म्हणजे सुटे टाके व वेल्लितक म्हणजे वेढे घेत जाणारे अखंड सीवन, हे सामान्यतः मान्य आहे.

सुट्या टाक्यांत प्रत्येक टाका स्वतंत्र असतो. एक सुटला तरी शेजारचे टिकतात, आणि स्राव साचल्यास एखादा टाका काढून वाट देता येते. दूषित होण्याची शंका असलेल्या अपघाती जखमेत म्हणून हेच सीवन योग्य. परंतु प्रत्येक टाक्याला गाठ लागते व सर्व टाक्यांवर ताण सारखा पडेल याची शाश्वती नसते. ज्या टाक्यावर अधिक ताण, तोच प्रथम ऊती कापतो.

अखंड सीवनात एकच धागा सरकत राहिल्याने ताण सर्व वेढ्यांत वाटला जातो आणि गाठी दोनच असतात. मात्र धागा एका जागी तुटला किंवा टोकाची गाठ सुटली, तर सारे सीवन उसवते. मॅट्रेस टाका अधिक ऊती कवेत घेतो व कडा बाहेरच्या बाजूस उचलून धरतो, म्हणून ताणाच्या जागी तो बळकट ठरतो; परंतु आडवा मॅट्रेस टाका घट्ट बांधल्यास कडेचा रक्तपुरवठा अडतो. त्वचेखाली खोल टाके घेऊन ताण तेथेच पेलला आणि वरच्या टाक्यांना केवळ कडा जुळवण्याचे काम ठेवले, तर वरचा व्रणही शोभनीय राहतो. कोणताही एक प्रकार सर्वत्र श्रेष्ठ नाही, हाच या तुलनेचा निष्कर्ष होय.

पोटाच्या भिंतीने शिकवलेला धडा

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणातील ३९ शस्त्रकर्मे अधिसूचित केली. पदव्युत्तर शल्यचिकित्सकांची जबाबदारी त्यामुळे अधिक स्पष्ट झाली. त्यांच्यासाठी पुढील माहिती विशेष महत्त्वाची आहे. इतरांनाही तीतून तत्त्व घेता येईल.

१९७६ साली जेन्किन्स या इंग्लंडमधील शल्यचिकित्सकांनी पोटाची जखम फुटण्याचा विचार निव्वळ यांत्रिक दृष्टीने केला. पोट फुगले की मध्यरेषेवरील जखमेची लांबी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. त्या वेळी धाग्यात शिल्लक लांबी नसेल, तर धागा तुटत नाही. तो ऊती कापतो. म्हणून जखमेच्या लांबीच्या किमान चौपट धागा सीवनात गेला पाहिजे, असा नियम त्यांनी मांडला. १० सेंटिमीटर जखमेला किमान ४० सेंटिमीटर धागा, हे गणित शस्त्रकर्मानंतर उरलेला धागा मोजून कोणालाही पडताळता येते.

ही लांबी कशी साधावी, याचे उत्तर पुढे मिळाले. जाड धाग्याने व कडेपासून १ सेंटिमीटर दूरवरून मोठे टाके घ्यावेत, अशी पूर्वापार धारणा होती. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ७३७ रुग्णांच्या अभ्यासात मोठ्या टाक्यांच्या गटात १८ टक्के, तर लहान टाक्यांच्या गटात ५.६ टक्के रुग्णांना व्रणस्थानी हर्निया झाला. नेदरलँड्समधील ५६० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५ मिलिमीटरवरून व ५ मिलिमीटरच्या अंतराने, केवळ फॅशियात (पोटाच्या भिंतीतील तंतुमय आवरणात) घेतलेल्या लहान टाक्यांची तुलना १ सेंटिमीटरच्या मोठ्या टाक्यांशी केली होती. एका वर्षानंतर हर्नियाचे प्रमाण लहान टाक्यांत १३ टक्के, तर मोठ्यांत २१ टक्के आढळले. लहान टाक्यांसाठी धागाही अधिक बारीक, २-० क्रमांकाचा होता. मोठ्या टाक्यात फॅशियासोबत मेद व मांस येते; ते दबून झिजले की टाका सैल होतो व कडा विलग होतात. लहान टाका केवळ बळकट ऊतीच धरतो, आणि संख्या अधिक असल्याने प्रत्येकावरील भार कमी होतो. जाड धागा म्हणजे बळकट सीवन, ही समजूत येथे पुरती खोडली गेली.

कंडरा : आपण कोठे थांबावे?

हाताच्या जखमेत कंडरा तुटलेली असेल, तर प्रश्न निराळा होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटाच्या शस्त्रकर्माच्या वेळी बोटांच्या कंडरांवरील प्रत्यक्ष भार मोजला गेला. दुसऱ्याने बोट हलवले असता तो ०.९ किलोग्रॅमपर्यंत, रुग्णाने प्रतिकाराविना बोट हलवले असता ३.५ किलोग्रॅमपर्यंत आणि चिमटीत जोर केला असता १२ किलोग्रॅमपर्यंत भरला. तुटलेल्या जागेतून किती पदर ओलांडून जातात, यावर कंडरेच्या सीवनाचे बल मुख्यतः अवलंबून असते. दोन पदरांपेक्षा चार व चारांपेक्षा सहा पदर अधिक भार पेलतात. कडेभोवतीचे बारीक अखंड सीवन त्यात भर घालते व फट पडू देत नाही.

हे आकडे पाहिल्यावर कंडरेला दोन साधे टाके घालून वरून त्वचा शिवण्याचा मोह कोणासही होऊ नये. हाताची प्रत्येक जखम शिवण्यापूर्वी प्रत्येक बोटाची हालचाल व संवेदना तपासावी आणि न्यून आढळल्यास जखम धुऊन, झाकून, हात आधारात बांधून रुग्णास हस्तशल्यचिकित्सकाकडे त्वरित पाठवावे. शेतमजुराचे किंवा सुताराचे बोट वाकेनासे झाले, तर त्याची उपजीविकाच जाते. अशा वेळी रुग्ण पुढे पाठवणे हेच चिकित्सकाचे कौशल्य होय.

यंत्राला न दिसणारी गोष्ट

यंत्रावरील परीक्षणाची एक मर्यादा सदैव स्मरणात असावी. यंत्रावरील ऊती मृत असते, रुग्णाची जिवंत असते. कचकचून बांधलेला टाका यंत्रावर बळकट भासेल. परंतु शरीरात तो रक्तपुरवठा रोखतो, शोथाने आणखी आवळतो आणि ऊती कापतो. सैलसर जुळवलेल्या जखमा आवळलेल्या जखमांपेक्षा अंती अधिक बळकट होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. कडा एकमेकींस टेकाव्यात, आवळल्या जाऊ नयेत, एवढाच ताण पुरेसा.

दुसरी गोष्ट काळाची. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या लेव्हेन्सन व सहकाऱ्यांच्या उंदरांवरील अभ्यासात त्वचेच्या जखमेचे बल एका आठवड्यानंतर मूळ बलाच्या अवघे ३ टक्क्यांच्या आसपास होते, आणि तीन महिन्यांनंतरही ते सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचले. मानवी त्वचेचा क्रमही साधारण असाच मानला जातो. अर्थात आठव्या दिवशी दिसणारी जुळलेली रेघ म्हणजे बळकट व्रण नव्हे. चेहऱ्यावरील टाके चार-पाच दिवसांत काढावेत. शाखांवरील दहा ते चौदा दिवस आणि गुडघा-कोपर अशा सांध्यांवरील पूर्ण चौदा दिवस ठेवावेत. काढल्यानंतरही चिकटपट्टीचा आधार द्यावा व जड काम वर्ज्य सांगावे.

औषधालय चालकांसाठी

सीवनाच्या बलाची साखळी औषधालयाच्या कपाटातच सुरू होते. विरघळणारे कृत्रिम धागे आर्द्रतेने विघटित होतात. शरीरात त्यांनी ज्या क्रियेने विरघळावे, तीच क्रिया दमट कपाटात आधीच सुरू होते. म्हणून पाकिटावर छापलेली तापमानमर्यादा पाळावी; पावसाळ्यात फाटके, दुमडलेले किंवा मुदत संपलेले पाकीट विकू नये. कॅटगटचे पाकीट द्रवासह असते. गळके पाकीट बाद समजावे. उघडलेला शिल्लक धागा पुन्हा निर्जंतुक करून देण्याची प्रथा सर्वथा त्याज्य आहे; पॉलिग्लॅक्टिन वाफेच्या उष्णतेने दुर्बळ होते. हे सूत्र शरीरात दोन आठवड्यांनंतर सुमारे ७५ टक्के व तीन आठवड्यांनंतर सुमारे ५० टक्के बल राखते. ही गणना निर्दोष पाकिटासाठीच आहे.

क्षारसूत्र बनवणाऱ्यांनीही हा विचार करावा. २० क्रमांकाच्या बार्बर धाग्यावर स्नुहीक्षीराचे ११, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे ७ आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे ३, असे २१ लेप दिले जातात. लेप निर्दोष असूनही मूळ धागा दुर्बळ असेल, तर सूत्र मार्गात तुटते आणि रुग्णास पुन्हा त्याच वेदनेतून जावे लागते. प्रत्येक खेपेतील दोन-चार सूत्रे कोरडी व ओली अशी ताणून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

योग्येचा नवा पाठ

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात सीवनाचा अभ्यास तलम व जाड वस्त्राच्या आणि मृदू चर्माच्या कडांवर करावयास सांगितला आहे. त्याच योग्येला मापनाची जोड द्यावी, असे आम्ही सुचवितो. खाटकाकडून बकऱ्याची ताजी कातडी आणून तिच्या तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक जोडी एकेका प्रकाराने शिवावी. टाक्यांची संख्या व कडेपासूनचे अंतर पट्टीने मोजून लिहावे. पट्टीचे एक टोक हुकाला अडकवून दुसऱ्या टोकाला बादली टांगावी व मापाने पाणी ओतावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम भार. त्यात बादलीचे वजन मिळवावे. फट पडली तेव्हाचा भार, टाका निकामी झाला तेव्हाचा भार आणि धागा, गाठ व ऊती यांपैकी काय हरले, या तीन नोंदी कराव्यात. प्रत्येक प्रकाराच्या किमान पाच पट्ट्या ओढाव्यात. एका पट्टीवरून मत बनवू नये. हातमोजे घालावेत व प्रयोगानंतर कातडीची योग्य विल्हेवाट लावावी.

आम्ही आमच्या तरुण सहकाऱ्यांकडून हा अभ्यास करवून घेतो. तीन फेरांची नायलॉनची गाठ डोळ्यांदेखत सरकताना पाहिली, की पुढे सांगावे लागत नाही. संघटनेच्या शाखांनी आपल्या कार्यशाळांत एक दुपार यासाठी ठेवावी व नोंदी या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात. हजारो वर्षांपूर्वी टाक्याचे अंतर, सूची व सूत्र यांचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. त्या परंपरेत यंत्र होते असे सांगण्याची गरज नाही. निरीक्षण होते, हेच पुरेसे गौरवास्पद आहे. ते निरीक्षण मोजून पुढे नेणे आता आपल्या हाती आहे.